रसायने डीएनएच्या नकलेत चुका कशा घडवतात?

धागा : खाडीपलीकडे (रत्नागिरी)

मशेरी, फॉर्मेलिन लावलेली मासळी आणि पावसाळ्यात बुरशी आलेले खोबरे या तीन विषयांवर इथे अलीकडे बरीच चर्चा झाली. तिन्ही चर्चांमध्ये ‘यातल्या रसायनाने डीएनए बिघडतो आणि कर्करोग होतो’ असे विधान कोणी ना कोणी केले. विधान चुकीचे नाही, परंतु त्यात मधला सगळा भाग गळून पडला आहे, आणि समजून घेण्यासारखे जे आहे ते नेमके तिथेच आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. तो मधला भाग सवडीने आणि नीट मांडावा म्हणून हा धागा काढत आहे.

आधी मुख्य मुद्दा सांगतो. रसायनाने डीएनएला इजा होणे आणि उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएच्या अक्षरांत कायमचा बदल, होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. इजा झालेला डीएनए बहुतेक वेळा दुरुस्त होतो. दुरुस्तीपूर्वीच पेशीने त्याची नक्कल केली तर मात्र ती इजा चुकीच्या अक्षराच्या रूपाने कायमची नोंदली जाते. ही चूक करणारे पॉलिमरेज हे एन्झाइम त्या क्षणी आपले काम नियमानुसारच करत असते. त्याच्यासमोरचे अक्षरच बदललेले असते.

डीएनएच्या दोन पट्ट्यांमध्ये ॲडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन असते, हे आपण शाळेत शिकलो. हे चार बेस म्हणजेच डीएनएची अक्षरे. पहिल्या जोडीत दोन हायड्रोजन बंध असतात, दुसरीत तीन. पॉलिमरेज जुन्या पट्टीवरचा एकेक बेस समोर घेते आणि त्याच्याशी जुळणारा नवा बेस बसवते. योग्य जोडी ओळखण्यासाठी ते हायड्रोजन बंधांइतकेच, किंबहुना अधिक, जोडीच्या एकूण आकाराकडे पाहते. योग्य जोडी एका ठरावीक रुंदीची असते आणि एन्झाइमच्या खोबणीत ती चपखल बसते. नुसत्या या निवडीच्या बळावर ढोबळमानाने एक लाख बेसमागे एखादी चूक होते. चूक झालीच तर तेच एन्झाइम एक पाऊल मागे येते आणि शेवटचा बेस कापून टाकते, त्यामुळे चुका सुमारे शंभरपट कमी होतात. नक्कल पुढे सरकल्यावर विजोड जोड्या हुडकणारी आणखी एक यंत्रणा मागून येते आणि उरलेल्या चुकाही साधारण शंभरपट घटवते. अखेरीस एक अब्ज ते दहा अब्ज बेसमागे एखादी चूक उरते. माणसाच्या एका पेशीत सुमारे सहा अब्ज जोड्या असतात, हे लक्षात घेतले की ही अचूकता किती विलक्षण आहे ते कळते.

उत्परिवर्तक रसायन इतक्या कडक तपासणीतून चूक पार कशी करते? त्याच्या काही तऱ्हा आहेत. त्यांतली जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती जवळून पाहू.

काही रसायने डीएनएवर मिथाइल किंवा इथाइल गट चिकटवतात. हा गट ग्वानिनवर अनेक जागी बसू शकतो. सहाव्या जागेवरच्या ऑक्सिजनवर तो बसला की घात होतो, कारण सायटोसिनशी हायड्रोजन बंध जोडण्यात या ऑक्सिजनचा वाटा असतो. मिथाइल बसल्यावर तो बंध तुटतो, शेजारच्या नायट्रोजन अणूवरचा हायड्रोजनही जातो आणि हा ग्वानिन आता थायमिनशी अधिक सहज जुळतो. ही जोडी नेहमीच्या जोडीच्या आकाराची असते आणि खोबणीत बसते, म्हणून पॉलिमरेज तिला हरकत घेत नाही. पहिल्या नकलेनंतर एका नव्या रेणूत मिथाइल ग्वानिनसमोर थायमिन असतो. दुसऱ्या नकलेत त्या थायमिनसमोर शिरस्त्याप्रमाणे ॲडेनिन येतो. जिथे ग्वानिन आणि सायटोसिन होते तिथे आता ॲडेनिन आणि थायमिन आहेत, दोन्ही निरोगी आणि एकमेकांशी तंतोतंत जुळणारे. त्या जागी इजेचा माग उरत नाही, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्या एन्झाइमला पकडण्यासारखे काही सापडत नाही. उत्परिवर्तन पूर्ण झाले ते या टप्प्यावर, मिथाइल चिकटला तेव्हा नव्हे.

दुसरी तऱ्हा बेसचा अमिनो गट काढून टाकण्याची आहे. नायट्रस आम्ल सायटोसिनचे युरॅसिल करते आणि युरॅसिल ॲडेनिनशी जुळते. तेच आम्ल ॲडेनिनचे हायपोझँथिन करते, जे सायटोसिनशी जुळते. तिसरी तऱ्हा तोतया बेसची आहे. ५-ब्रोमोयुरॅसिलमध्ये थायमिनच्या मिथाइल गटाच्या जागी ब्रोमीन असतो. पेशी त्याला थायमिन समजून वापरते, पण ब्रोमीनच्या ओढीमुळे हा रेणू आपले रूप अधिक वेळा पालटतो आणि पालटलेल्या रूपात ग्वानिनशी जोडी करतो.

चपट्या रेणूंची तऱ्हा निराळीच आहे. प्रोफ्लेविन, इथिडियम ब्रोमाइड यांसारखे रेणू कोणत्याही बेसला हात लावत नाहीत. एकावर एक रचलेल्या जोड्यांमध्ये साधारण ३.४ आंगस्ट्रॉमचे अंतर असते. तिथे हे रेणू शिरतात आणि ते अंतर जवळजवळ दुप्पट करतात. सारखेच बेस ओळीने आलेले असतील अशा जागी नक्कल होताना पट्टी घसरते, घसरलेला फुगवटा हा रेणू तसाच टिकवून धरतो, आणि नव्या पट्टीत एखादा बेस जास्त होतो किंवा गळतो. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचले जाते, म्हणून याचा परिणाम मोठा होतो. ‘कमळ बदक गवत शहर नगर’ ही ओळ घ्या. बदकातला क गाळा आणि पुन्हा तिनाच्या गटांत वाचा: ‘कमळ बदग वतश हरन गर’. एका अक्षराने पुढची सगळी ओळ निरर्थक झाली. फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये टी४ या विषाणूवर प्रोफ्लेविन वापरून याच युक्तीने संकेत तीन अक्षरांचा असल्याचे दाखवले. एक किंवा दोन अक्षरे वाढली की जनुक निकामी होई, तीन वाढली की बऱ्याचदा पुन्हा चालू होई. उत्परिवर्तक रसायनाने आपल्याला इतके मूलभूत ज्ञान मिळवून दिले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मशेरीतील आणि बुरशीतील द्रव्यांविषयी प्रतिसादांत लिहितो. प्रश्न जरूर विचारावेत.

प्रतिसाद : भातखाचर (दापोली)

उत्तम धागा. इजा आणि उत्परिवर्तन यांच्यामध्ये नक्कल असते, हा तुमचा मुद्दा आम्ही कृषी शाखेत हाताने अनुभवतो, म्हणून थोडी भर घालतो.

पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी मी भाताच्या बियाण्यावर इथाइल मिथेन सल्फोनेट, म्हणजे ज्याला आम्ही सगळे ईएमएस म्हणतो, त्याची प्रक्रिया केली होती. ते ग्वानिनवर इथाइल गट बसवते, म्हणजे तुम्ही वर्णन केलेलीच तऱ्हा. कोरडे बियाणे थेट ईएमएसमध्ये टाकत नाहीत. आधी ते काही तास साध्या पाण्यात भिजवतात. कोरड्या बियाण्यातला गर्भ निद्रिस्त असतो. पाणी मिळाले की त्याच्या पेशी जाग्या होतात आणि डीएनएच्या नकलेच्या तयारीला लागतात. त्याच सुमारास ईएमएस आत गेले तर इजा आणि नक्कल यांच्यामध्ये दुरुस्तीला फारसा अवकाश मिळत नाही आणि उत्परिवर्तने अधिक मिळतात. त्यानंतर बियाणे वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुतात, आणि उरलेल्या द्रावणात सोडियम थायोसल्फेट घालून ते निष्प्रभ करतात. हे सारे हातमोजे घालून धुराड्याच्या कपाटात करायचे असते, कारण बियाण्याच्या डीएनएला जे होते ते आपल्याही डीएनएला होऊ शकते.

पहिल्या पिढीतले रोप मिश्र असते. गर्भातल्या वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळी उत्परिवर्तने झालेली असतात आणि रोपाचा एक फुटवा एका पेशीपासून, तर दुसरा दुसरीपासून आलेला असतो. त्यामुळे निवड दुसऱ्या पिढीत करतात. वाफ्यात हिरव्या रोपांमध्ये मधूनच पांढरीशुभ्र किंवा पिवळी रोपे उगवलेली दिसली की उपचार लागू पडला हे समजते. पांढऱ्या रोपांत हरितद्रव्य नसते आणि बियाण्यातला साठा संपला की ती मरतात. उपयोगी ठरणारे रोप, म्हणजे बुटके, लवकर तयार होणारे किंवा न लोळणारे, हजारोंत एखादे सापडते.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भुईमुगाचे अनेक वाण उत्परिवर्तनातून तयार केले आहेत, तिथे मात्र मुख्य भर किरणोत्सर्गावर होता. किरणांनी डीएनएची पट्टी अनेकदा तुटते आणि मोठे तुकडे गळतात. ईएमएस बहुतांशी एकेक अक्षर बदलते. एखाद्या जनुकात बारीकसा फरक हवा असेल तर रसायन अधिक कामाचे.

प्रतिसाद : रोठावाले (श्रीवर्धन)

आमची पिढीजात सुपारीची वाडी आहे. रोठा सुपारीचे नाव सगळीकडे आहे आणि आमचे घर तिच्यावर चालले आहे. सुपारीत कर्करोगकारक द्रव्य असल्याचे आता वारंवार वाचनात येते. निसर्गात तयार झालेल्या फळामध्ये उत्परिवर्तक रसायन कसे असेल, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे. कारखान्यातली रसायने वेगळी आणि झाडावरचे फळ वेगळे, असेच आम्ही आजवर मानत आलो.

प्रतिसाद : खाडीपलीकडे

भातखाचर, बियाणे भिजवण्याचा तपशील दिल्याबद्दल आभार. मुद्दा इतका उघड करणारे दुसरे उदाहरण मला सुचले नसते.

रोठावाले काका, रेणू झाडात तयार झाला की कारखान्यात, याच्याशी डीएनएला काही देणेघेणे नसते. त्याच्या दृष्टीने रेणूची रचना तेवढी महत्त्वाची. सुपारीत अरेकोलिन नावाचे अल्कलॉइड असते, आणि सुपारी चघळताना जी तरतरी येते ती त्याच्यामुळे. तोंडातल्या लाळेत नायट्राइट असते. त्याची अरेकोलिनशी अभिक्रिया होऊन नायट्रोसामाइन जातीची द्रव्ये तयार होतात. शरीरातली एन्झाइमे त्यांचे रूपांतर करतात तेव्हा त्यांतून डीएनएवर मिथाइल गट बसवणारे रेणू बाहेर पडतात. म्हणजे वर मी ग्वानिनची जी हकिगत सांगितली ती इथेही घडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवले. हा निष्कर्ष चघळण्याच्या सवयीविषयीच्या पुराव्यावर उभा आहे. वाडीत काम करणे, सुपारी वाळवणे किंवा सोलणे याविषयी तो काही म्हणत नाही.

निसर्गातल्या उत्परिवर्तकांत सर्वांत प्रभावी म्हणावे असे द्रव्य बुरशीतून येते. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी दमट हवेत मका, भुईमूग, मिरची आणि खोबरे यांवर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, त्याचे मूळ शेंगदाण्याच्या पेंडीतल्या याच विषात सापडले. १९७४ मध्ये गुजरात आणि राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी खेड्यांत बुरशी आलेला मका खाऊन शंभरहून अधिक माणसे दगावली. ती यकृतावरची तीव्र विषबाधा होती. थोड्या प्रमाणात वर्षानुवर्षे पोटात जाणाऱ्या अफ्लाटॉक्सिनचा परिणाम वेगळा असतो आणि आपल्या विषयाशी त्याचा संबंध आहे. मूळ अफ्लाटॉक्सिन डीएनएला चिकटत नाही. यकृत त्याला शरीराबाहेर टाकण्याजोगे करायला जाते आणि त्या प्रयत्नात त्याचे अतिशय चपळ असे इपॉक्साइड रूप तयार होते. ते ग्वानिनच्या सातव्या जागेवर बसते. एवढा मोठा रेणू चिकटलेला ग्वानिन नेहमीच्या पॉलिमरेजला नीट वाचता येत नाही, नक्कल तिथे अडते, आणि अशा वेळी पेशी दुसऱ्या प्रकारची, कमी काटेकोर पॉलिमरेज पुढे करते. ती अडथळा ओलांडतात, पण समोर बऱ्याचदा ॲडेनिन ठेवून जातात. परिणामी ग्वानिनच्या जागी थायमिन येतो.

चीन आणि दक्षिण आफ्रिकेतील यकृताच्या कर्करोगांत पेशीला कर्करोगापासून राखणाऱ्या पी५३ या जनुकाच्या २४९ व्या तीन अक्षरी संकेतात नेमका हाच बदल पुन्हा पुन्हा आढळल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. रसायनाची सही म्हणावी इतका तो ठळक आहे.

आपल्याकडे पावसाळ्यात खोबऱ्याच्या वाट्यांवर बुरशी आली की ती पुसून, उन्हात घालून वापरण्याची पद्धत आहे. अफ्लाटॉक्सिन पुसल्याने जात नाही आणि स्वयंपाकाच्या उष्णतेने फारसे नष्ट होत नाही. असे खोबरे टाकून द्यावे, एवढे मी आग्रहाने सांगेन.

प्रतिसाद : मृदुला_सावंतवाडी

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. धागाकर्त्यांनी मिथाइल ग्वानिनचे जे वर्णन केले आहे त्याला जोडून दुरुस्तीची बाजू मांडते, कारण तिच्याशिवाय चित्र अपुरे राहील.

आपल्या पेशींत एमजीएमटी नावाचे प्रथिन असते. ते मिथाइल ग्वानिनवरचा मिथाइल गट काढून स्वतःवर घेते आणि त्यानंतर कायमचे निकामी होते. एक रेणू एकच इजा दुरुस्त करतो. त्यामुळे पेशीतला साठा संपेपर्यंत इजा भरून निघतात आणि साठा संपला की नवे प्रथिन तयार होईपर्यंत पुढच्या इजा तशाच राहतात. दिवसातून अनेकदा तीच इजा होत राहणे अधिक घातक का, याचे एक उत्तर इथे मिळते.

मेंदूच्या काही गाठींवर आम्ही टेमोझोलोमाइड देतो. ते मुद्दाम मिथाइल ग्वानिन तयार करणारे औषध आहे. पेशी नक्कल करते, थायमिन बसतो, विजोड जोडी हुडकणारी यंत्रणा येते आणि नवा थायमिन काढते. पण साच्यात मिथाइल ग्वानिन तसाच असल्याने पुन्हा थायमिनच बसतो. हे व्यर्थ चक्र चालू राहून अखेर पट्टी तुटते आणि पेशी मरते. ज्या रुग्णांच्या गाठीत एमजीएमटीचे जनुक बंद पडलेले असते त्यांना या औषधाचा फायदा अधिक होतो. विभागणाऱ्या पेशींवर आघात करणे हेच उद्दिष्ट असल्यामुळे नक्कल इथे आमच्या बाजूने काम करते.

या शास्त्राचा आरंभच युद्धातल्या विषापासून झाला आहे. शार्लट आउअरबाख आणि रॉबसन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडिनबरो येथे फळमाश्यांना मस्टर्ड वायू देऊन तो उत्परिवर्तने घडवतो हे दाखवले. युद्धकालीन गोपनीयतेमुळे ते काम सविस्तर प्रसिद्ध व्हायला १९४६ नंतरचा काळ उजाडला. त्याच कुळातल्या नायट्रोजन मस्टर्डपासून कर्करोगावरच्या पहिल्या रासायनिक औषधांपैकी एक तयार झाले.

प्रतिसाद : गलबत (मालवण)

फॉर्मेलिनविषयी कोणीतरी स्पष्ट लिहावे. २०१८ मध्ये गोव्यात बाहेरून येणाऱ्या मासळीवरून गदारोळ झाला तेव्हा आमच्या बंदरावरच्या ताज्या मासळीलाही गिऱ्हाईक मिळेनासे झाले होते. फॉर्मेलिनसुद्धा डीएनएचे अक्षर बदलते का? आणि बर्फावर राहिलेल्या मासळीत ते आपोआप तयार होते असे म्हणतात, ते खरे आहे का?

प्रतिसाद : खाडीपलीकडे

गलबत, फॉर्मेलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण. फॉर्माल्डिहाइडची तऱ्हा या सर्वांहून वेगळी आहे. ते डीएनए आणि त्याला लागून असलेली प्रथिने यांना एकमेकांशी घट्ट जोडून टाकते. नक्कल करणारी यंत्रणा पट्टीवरून पुढे सरकताना त्या जोडावर येऊन थांबते. जोड सोडवताना किंवा तो ओलांडताना चुका होतात, तुकडेही गळतात. ते उत्परिवर्तक असल्याचे सोव्हिएत संशोधक इओसिफ रॅपोपोर्ट यांनी १९४६ मध्येच फळमाश्यांवर दाखवले होते.

मासळीत ते आपोआप तयार होते, हे खरे आहे. समुद्री मासळीच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असते. मासळी साठवून ठेवल्यावर एन्झाइमांमुळे त्याचे विघटन होते आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड निघते. बोंबलासारख्या काही जातींत ते विशेष असते. आपल्या स्वतःच्या रक्तातही चयापचयातून निघालेले थोडे फॉर्माल्डिहाइड सतत असते आणि त्याचा निचरा करणारी एन्झाइमे आपल्याकडे आहेत. म्हणून केवळ अंश सापडला एवढ्यावरून मासळीला फॉर्मेलिन लावले असा निष्कर्ष काढता येत नाही, प्रमाण पाहावे लागते. वरून लावलेले फॉर्मेलिन मात्र कोणत्याही प्रमाणात समर्थनीय नाही. कर्करोगाचा भक्कम पुरावा मुख्यतः श्वासावाटे दीर्घकाळ जाणाऱ्या फॉर्माल्डिहाइडबाबत आहे, म्हणजे ते लावणाऱ्या आणि हाताळणाऱ्या माणसाला धोका सर्वांत आधी.

मृदुलाताईंनी दुरुस्तीचा विषय काढला म्हणून एक गोष्ट जोडतो. कोणतेही बाहेरचे रसायन नसतानाही प्रत्येक पेशीत दररोज सुमारे दहा हजार बेस नुसत्या पाण्याच्या आणि शरीराच्या उष्णतेच्या परिणामाने डीएनएवरून गळून पडतात आणि शंभरच्या घरात सायटोसिनांचे युरॅसिल होते. टोमास लिंडाल यांनी हे मोजले, आणि त्याअर्थी दुरुस्तीची यंत्रणा असलीच पाहिजे, हा तर्क करून ती शोधली. २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांच्याबरोबर मिळाले. उत्परिवर्तक रसायन या आधीच कामात गढलेल्या यंत्रणेवर आणखी भार टाकते.

प्रतिसाद : अनुराधा_चिपळूण

आमच्या बचत गटातल्या निम्म्याहून अधिक बायका मशेरी लावतात. दात घासायची म्हणून सुरू होते आणि मग दिवसभर चालते. ‘ही जळलेली तंबाखू आहे, म्हणजे तिच्यातले विष जळून गेले,’ असे त्या मला ठामपणे सांगतात. त्यांना समजेल असे काय सांगावे? दुसरे, सोलकढी किंवा आमसुलाच्या पाण्याने हा परिणाम कमी होतो असा एक निरोप सगळीकडे फिरतो आहे. त्यात तथ्य आहे का?

प्रतिसाद : खाडीपलीकडे

अनुराधाताई, तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजली की विष जळून जात नाही, त्यात भर पडते. तंबाखूच्या पानात मुळातच नायट्रोसामाइन असतात आणि त्यांतले एनएनके हे शरीरात गेल्यावर डीएनएवर मिथाइल गट बसवते. भाजताना पान अर्धवट जळते आणि अर्धवट ज्वलनात बेंझोपायरीनसारखी द्रव्ये तयार होतात. विडीच्या धुरात असते तेच हे द्रव्य. तेही अफ्लाटॉक्सिनप्रमाणेच आधी निरुपद्रवी असते, शरीरातल्या एन्झाइमांनी त्याचे रूप पालटले की ग्वानिनला चिकटते आणि नकलेत ग्वानिनच्या जागी थायमिन येतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांच्या कर्करोगात पी५३ जनुकावर हेच बदल दिसतात. म्हणजे भाजल्यामुळे एका जातीच्या उत्परिवर्तकाला दुसऱ्या जातीची जोड मिळते.

आता ही पूड बोटाने हिरडीवर चोळली जाते आणि गालात राहते, हे लक्षात घ्या. तोंडाच्या आतल्या आवरणाच्या तळच्या पेशी सतत विभागत असतात, कारण वरचा थर झिजत असतो आणि तो काही दिवसांत नव्याने भरून काढावा लागतो. म्हणजे जिथे इजा होते तिथेच नक्कल अखंड चालू आहे. मेंदूच्या चेतापेशीला अशी इजा झाली तर ती पेशी सहसा विभागत नसल्याने नकलेतली चूक होण्याची वेळ येत नाही. हिरडीला ती सवलत नाही. त्यात मशेरीने हुळहुळलेली त्वचा भरून येण्यासाठी पेशी आणखी वेगाने विभागतात.

आमसुलाविषयी सांगायचे तर, नायट्राइटपासून नायट्रोसामाइन तयार होण्याची अभिक्रिया क जीवनसत्त्वाने रोखली जाते, हे रसायनशास्त्रात पक्के माहीत आहे. कोकमातल्या गार्सिनॉलवर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये कामही झाले आहे. परंतु मशेरीतली नायट्रोसामाइन आधीच तयार होऊन आलेली असतात. सोलकढीने ती परत जात नाहीत आणि डीएनएवर बसलेला मिथाइल गटही निघत नाही. सोलकढी चवीसाठी प्यावी, मशेरीवरचा उतारा म्हणून नव्हे.

प्रतिसाद : भातखाचर

एखादे द्रव्य उत्परिवर्तक आहे हे ठरवतात कसे, हे इथे यायला हवे, नाहीतर ‘तज्ज्ञ म्हणतात’ यापलीकडे वाचकाच्या हाती काही राहत नाही.

ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात बसवलेली चाचणी अजूनही सर्वत्र वापरली जाते. साल्मोनेला या जिवाणूचे असे वाण घेतात ज्यांना हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः तयार करता येत नाही, कारण त्यांच्या संबंधित जनुकात आधीच एक चूक आहे. हिस्टिडिन जवळजवळ नसलेल्या बशीत ते वाढत नाहीत. मात्र बशीत अगदी थोडे हिस्टिडिन मुद्दाम ठेवतात, जेणेकरून ते काही वेळा विभागू शकतील. इथेही नक्कल झाल्याशिवाय काही घडत नाही. संशयित द्रव्याने त्या जनुकात उलट बदल घडवला तर तो जिवाणू पुन्हा वाढू लागतो आणि दोन दिवसांनी बशीवर टिपक्यासारखी वसाहत दिसते. द्रव्याची मात्रा वाढवत नेली की टिपके वाढत जातात. टीए १०० हा वाण अक्षर बदलणारी द्रव्ये पकडतो, टीए ९८ अक्षर वाढवणारी किंवा गाळणारी. अफ्लाटॉक्सिन किंवा बेंझोपायरीनसारखी द्रव्ये नुसत्या जिवाणूवर निष्प्रभ दिसतील, म्हणून उंदराच्या यकृताचा अर्क सोबत घालतात.

प्रतिसाद : रोठावाले

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. वाचून अस्वस्थ झालो, पण विषय नीट कळला. घरातल्या तरुण मुलांना सुपारीचे खांड तोंडात धरण्याची सवय लागू देणार नाही. एक शंका राहिली. ही उत्परिवर्तने मुलाबाळांत उतरतात का?

प्रतिसाद : मृदुला_सावंतवाडी

काका, हिरडीच्या किंवा यकृताच्या पेशीतले उत्परिवर्तन त्या माणसापुरतेच राहते. मुलांत उतरायचे तर बदल बीजपेशींत व्हावा लागतो. तरुण मुलांविषयी म्हणाल तर सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासे होते, तो विकार उत्परिवर्तनाची वाट पाहत नाही. आमच्याकडे अशी विशीतली मुले येतात.

प्रतिसाद : अनुराधा_चिपळूण

येत्या बैठकीत हा धागा मोठ्याने वाचून दाखवला तर चालेल का? ज्या बायका वीस-तीस वर्षे मशेरी लावत आहेत त्या विचारतील की जे व्हायचे ते होऊन गेले, आता सोडून काय उपयोग.

प्रतिसाद : खाडीपलीकडे

जरूर वाचा. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. झालेली उत्परिवर्तने पुसली जात नाहीत, हे त्यांच्यापासून लपवू नका. परंतु एका बदलाने पेशी कर्करोगाची होत नाही. एकाच पेशीच्या वंशात अनेक बदल एकावर एक साठावे लागतात आणि त्याला बऱ्याचदा वर्षे लागतात. मशेरी थांबली की नव्या इजांचा ओघ थांबतो, अजून नक्कल न झालेल्या इजा दुरुस्त होतात, एमजीएमटीचा साठा पुन्हा भरतो आणि हिरडी शांत झाल्याने पेशींचे विभाजनही मंदावते. ज्या पेशीत दोन बदल झाले आहेत तिच्यात तिसरा होण्याची शक्यता त्या दिवसापासून घटते. जिच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तिने मशेरी सोडण्याची वाट न पाहता आधी तोंड तपासून घ्यावे.